टवका, तडा आणि एक पडलेली बाटली

गेल्या दिवाळीत बीडहून परळीला जाताना तेलगावच्या अलीकडे पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि टक्! समोरच्या काचेवर मटाराएवढा टवका. (तेलगाव हं, तळेगाव नव्हे. 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला ते तळेगाव वेगळं.)

शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "अरे, हे आधी दाखवून घे कुणाला तरी."
"बघू हो बाबा, पुण्याला गेल्यावर."
आयटीवाल्याचं ठरलेलं उत्तर. बग मायनर आहे, पुढच्या रिलीजला बघू :)

मग बाबांनी त्यांच्या जुन्या जीपची गोष्ट सांगितली. खडा लागला आणि क्षणात अख्ख्या काचेचा चुरा मांडीवर! राहिलेला रस्ता तोंडाला रुमाल बांधून. ती काच 'टफन्ड'. तापवून झटकन गार केलेली. तिचा पृष्ठभाग सतत दाबाखाली असतो आणि गाभा ताणाखाली. तडा गाभ्यापर्यंत पोचला की सगळी काच एकदम फुटते. दुरुस्तीचा प्रश्नच नाही. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत आजही अशाच असतात.

माझी काच टिकली त्याचं श्रेय एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच माणसाला. 1903 साली त्याच्या प्रयोगशाळेत काचेची बाटली खाली पडली, तडकली, पण विखुरली नाही, अशी गोष्ट सांगतात. आत सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण वाळून पापुद्रा झाला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. 1909 मध्ये त्याने पेटंट घेतलं: दोन काचा, मध्ये पापुद्रा. पहिल्या महायुद्धात ही काच गॅस मास्कमध्ये गेली, नंतर मोटारींत. पुढे मधला थर बदलला, आता तिथे पीव्हीबी नावाचं प्लास्टिक असतं. आपल्याकडे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनंतर, नव्वदच्या दशकात, पुढची काच लॅमिनेटेड झाली.

काच विखुरत नाही म्हटल्यावर ती सांधताही येईल, हे सुचायला मात्र बराच काळ गेला. 1972 च्या सुमारास अमेरिकेत, मिनेसोटात, हा धंदा सुरू झाला. आजची पद्धत अशी. खडा फक्त बाहेरच्या थराला लागलेला असतो. टवक्यावर छोटा पंप बसवून आतली हवा ओढून घ्यायची, पातळ रेझिन दाबाने भरायचं आणि अतिनील प्रकाशाने घट्ट करायचं. रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वाकवतं, म्हणून टवका दिसेनासा होतो. पूर्ण नाही, पुसट डाग राहतो.

पण अटी आहेत. टवका नाण्याएवढाच हवा, काचेच्या कडेला नको, ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नको, आत धूळ-पाणी शिरलेलं नको. म्हणून लगेच चिकटपट्टी लावायची आणि शक्य तितक्या लवकर काचवाला गाठायचा.

मी तीन आठवडे थांबलो. एका दुपारी तापलेल्या गाडीत एसी फुल केला. आतून गार, बाहेरून गरम. डोळ्यांदेखत टवक्यातून तडा निघाला आणि कडेपर्यंत गेला. काही शेकड्यांचं काम काही हजारांवर गेलं.

बाबांना फोन करून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "काच बदलता येते रे. तेव्हा जीपमध्ये तू माझ्या मांडीवर होतास."

असो. टवका असेल तर आजच जा.