सांगाडा उदगीरचा, कागद कुठला?

नांदेडच्या एका मित्राने फोर्ड मॉडेल ए चा नुसता सांगाडा आणलाय, उदगीरकडच्या एका वाड्यातून. दोन लांब पट्ट्या, आडव्या पट्ट्या, दोन अॅक्सल. इंजिन वेगळ्या पोत्यात. बॉडी कधीच भंगारात गेलेली. ही मोटार 1927 ते 1931 या काळात बनत होती, चार सिलिंडर, चाळीस घोड्यांची. पार्ट आजही नवे बनून मिळतात, त्यामुळे पैसे असतील तर गाडी उभी राहते. अडतं ते कागदावर.

आता गंमत बघा. उदगीर तालुका 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात, निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली, 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली. बिदर म्हैसूर राज्यात गेलं. उदगीर, अहमदपूर, निलंगा मात्र उस्मानाबादला जोडून मुंबई राज्यात आले. 1960 साली महाराष्ट्र, 1982 साली लातूर जिल्हा. म्हणजे वाड्यातून चाक न हलवता या मोटारीने तीन जिल्हे आणि चार राजवटी पाहिल्या! पहिल्या नोंदणीचं दप्तर शोधायचं तर लातूरला जायचं, धाराशिवला, की कर्नाटकात बिदरला?

आणि समजा कागद सापडलाच, तर तो उर्दूत असणार, कारण संस्थानचा कारभार उर्दूत होता. सनही फसली. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू व्हायचं. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीनंतरची तारीख असेल तर 591. म्हणजे 1340 फसली हे 1930-31. टेबलामागच्या माणसाला '1340' वाचून काय वाटेल, कल्पना करा.

हे सगळं महत्त्वाचं, कारण जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली असावीत. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. खरी मेख पुढे आहे: गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. मग सांगाड्यावर नवी बॉडी चढवली तर? जुन्याच मापाबरहुकूम केली तर ती दुरुस्ती, असं मला वाटतं. पण ठरवणार तपासणी समिती.

म्हणून मित्राला एकच सांगितलं, ग्राइंडर लावू नकोस. मॉडेल ए चा नंबर डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला ठोकलेला असतो, बॉडीखाली झाकलेला. एरवी तो दिसतच नाही, आज उघडा आहे. गंज रॉकेलने हळू काढ, वर कागद ठेवून पेन्सिल घास, इंजिनवरच्या नंबराशी ताडून पाहा, फोटो काढ. सँडब्लास्टिंगवाल्याने एकदा तो आकडा पुसला, की ती फक्त लोखंडाची शिडी.

आणखी एक. नांदेडच्या गाड्या एमएच 26, लातूरच्या एमएच 24. व्हिंटेजच्या नव्या पाटीवर मात्र राज्याच्या अक्षरांनंतर थेट 'व्हीए' येतं, जिल्ह्याचा आकडाच नसतो.