क्रॉइत्सबर्गातली गादी

बर्लिनमध्ये छोट्या जागेत वाजवायला येणाऱ्या बँडला आयोजक तीनच गोष्टी कबूल करतो: रात्रीचं जेवण, डिझेलचे पैसे आणि झोपायला जागा. बिदागी दाराशी जमेल त्या गल्ल्यावर. हॉटेलचा विषय कोणी काढत नाही. मी लाइव्ह साउंड करते, बँडबरोबर फिरते, त्यामुळे माझ्याही वाट्याला कुठल्यातरी ड्रमवाल्याच्या, नाहीतर दारावर शिक्के मारणाऱ्या बाईच्या घरातली गादी येते. आपल्याकडे गवई गावातल्या रसिकाच्या घरी उतरायचे, तसंच हे. फक्त तिथल्या यजमानाचा वाडा नसतो, भाड्याची खोली असते.

बर्लिनकर मोठ्या मनाचे म्हणून असं होतं, हे मी अनेकांकडून ऐकलंय. असतीलही. (तिथल्या दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाया पाहून तसं वाटत नाही.) मला विचाराल तर या गादीचं मूळ रिकाम्या घरांत आहे, आणि ती घरं रिकामी कशी पडली हे समजल्याशिवाय तिथल्या संगीताचाही पत्ता लागत नाही.

क्रॉइत्सबर्गमधली जुनी घरं 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कामगारांसाठी बांधलेली. रस्त्यावर पुढची इमारत, तिच्यामागे चौक, चौकाला लागून बाजूची इमारत, मग मागची इमारत, कधी त्याच्याही मागे आणखी एक चौक. 1853च्या बांधकाम नियमाप्रमाणे चौक निदान 5.34 मीटर लांब-रुंद हवा होता, कारण आगीच्या बंबाला वळायला तेवढी जागा लागे. उजेडाचं बिचाऱ्या कामगारांना कोणी विचारलं नव्हतं. मागच्या इमारतीत तळमजल्यावर राहिलात तर भर दुपारीही दिवा लावूनच कांदा चिरावा लागतो.

1961 साली बर्लिनची भिंत उभी राहिली आणि क्रॉइत्सबर्गचा पूर्वेकडचा भाग तीन बाजूंनी कोंडला गेला. त्यात नगररचनाकारांनी ओरानिएनप्लात्सवरून मोटाररस्ता न्यायचा आराखडा केला. घरं पाडायचीच आहेत म्हटल्यावर डागडुजी कोण करतो? मालकांनी हात आखडले, ज्यांना जमलं ते भाडेकरू निघून गेले, उरलेल्या खोल्यांत तुर्कस्तानातून आलेले कामगार राहू लागले, आणि बऱ्याच घरांना नुसती कुलपं लागली. दुसरीकडे पश्चिम बर्लिन दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असल्यामुळे तिथल्या रहिवाशांना पश्चिम जर्मनीची सक्तीची लष्करी नोकरी लागू नव्हती. बंदूक नको असलेली पोरं सामान उचलून तिकडे आली. दारूचे गुत्ते बंद करायची वेळ 1949 सालीच रद्द झालेली. रिकामी घरं, रिकामटेकडी पोरं आणि रात्रभर उघडे बार एकाच मोहल्ल्यात आले, की पुढचं सांगायला नकोच.

8 डिसेंबर 1971ला टोन श्टाइने शेर्बेन या बँडचा कार्यक्रम शहरातल्या तंत्र विद्यापीठात झाला. तो संपल्यावर श्रोत्यांतली मंडळी तडक बेथानिएन या बंद पडलेल्या इस्पितळाकडे गेली आणि तिथल्या परिचारिकांच्या रिकाम्या वसतिगृहाचा त्यांनी ताबा घेतला. चार दिवस आधी पोलिसांच्या गोळीने मेलेल्या गेओर्ग फॉन राउखचं नाव त्या घराला मिळालं. बँडने त्यावर गाणं केलं, ते अजून मोर्चांत ऐकू येतं, आणि त्या घरात अजून माणसं राहतात. खुद्द बँडचं घर टेम्पेलहोफर उफरवर होतं. घरातून पळालेली पोरं, कार्यकर्ते, कोणीही यावं, राहावं. दर मोर्चाला फुकट वाजवा, अशी वर अपेक्षा. 1975 साली गायक रिओ रायझर आणि मंडळी कंटाळून पार उत्तरेला, फ्रेझेनहागेनच्या एका शेतघरात राहायला गेली. यजमानपणाचा शीणही या इतिहासातच धरायला हवा. तो बहुधा कोणी धरत नाही.

मी जिच्याकडे उतरते ती बाई साठीच्या पुढची आहे. तिला आजी म्हणण्याची माझी हिंमत नाही. पहिल्या भेटीपासून आमचं अगं-तुगंच. ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका ताब्यात घेतलेल्या घरात राहायची. ओरानिएनश्ट्रासेवर 1978 साली 'एसओ 36' हा क्लब उघडला होता. नाव त्या भागाच्या जुन्या टपाल क्रमांकावरून आलेलं. तिथला कार्यक्रम संपला की फुटपाथवरच पाहुण्यांची वाटणी व्हायची, असं ती सांगते: दोन तू घे, तीन मी नेते, ढोलवाला घोरतो, तो त्यांच्याकडे. भाडं म्हणून सकाळी पाहुण्यांनी पाडकामाचा राडारोडा खाली न्यायचा किंवा छपराला हात लावायचा. 1981मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये अशी ताब्यात घेतलेली सुमारे 160 घरं होती, आणि तिथली माणसं ती स्वतःच दुरुस्त करत होती. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला घरं रिकामी करण्याच्या कारवाईत क्लाउस-युर्गेन राटाय हा 18 वर्षांचा मुलगा बसखाली सापडून मेला. त्यानंतर पुष्कळ घरांना करार मिळाले, बाकीची पोलिसांनी रिकामी केली. तिच्या घराला करार मिळाला. म्हणून मला गादी मिळते.

तिच्या स्वयंपाकघरात अजून फरशांची उंच शेगडी आहे, आता बंद. पूर्वी तीत तपकिरी कोळशाच्या विटा जळत, आणि त्या यायच्या पूर्व जर्मनीतून. भिंतीपलीकडच्या सरकारच्या कोळशावर अलीकडचे बंडखोर ऊब घेत होते. रात्री शेवटची वीट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळपर्यंत धुमसत राहते. ती मला हे करून दाखवते तेव्हा हातात वीट नसते, पावाचा तुकडा असतो.

भिंतीपलीकडे पाहुणा ठेवणं वेगळंच होतं. पश्चिमेकडून जाणाऱ्याला एका दिवसाचा व्हिसा, 25 मार्कांची सक्तीची अदलाबदल आणि मध्यरात्रीच्या सुमारास परत फिरणं. मँचेस्टरहून बर्लिनला येऊन राहिलेल्या मार्क रीडरने 1983 साली डी टोटेन होजेन या बँडला पर्यटक म्हणून पलीकडे नेलं, आणि त्यांनी चर्चमधल्या प्रार्थनेच्या आडून वाजवलं. वाद्यं तिथल्या पोरांनी दिली. मुक्कामाचं नाव काढायची सोयच नव्हती.

भिंत पडल्यावर तोच खेळ पूर्वेला झाला, जास्त वेगाने. 1990च्या फेब्रुवारीत ओरानिएनबुर्गर श्ट्रासेवरची ताखेलेस ही इमारत आणि क्योपेनिकर श्ट्रासेवरचं क्योपी हे घर, दोन्ही ताब्यात घेतली गेली. नोव्हेंबरात माइन्त्सर श्ट्रासेवर पोलीस आणि रहिवासी यांची लढाईच झाली. 1991मध्ये एका जुन्या दुकानाच्या तिजोरीघरात 'ट्रेझोर' हा टेक्नो क्लब सुरू झाला. त्यावर ढीगभर लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही.

2024 साली बर्लिनचा टेक्नो जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. छानच. पण जे वाजवतात त्यांना घर मिळेना. भाड्यांवर घातलेली मर्यादा 2021मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्दबातल केली, आणि तिशीतले वादक आता एकेका खोलीत राहतात. त्यांच्याकडे पाच जणांचा बँड झोपवायचा कुठे? मग आयोजकांचे फोन पुन्हा जुन्या करारावर राहणाऱ्या साठीतल्या बाईलाच. ती घर सोडणार नाही. सोडलं तर याच भाड्यात शहरात दुसरं मिळायचं नाही. तिच्या फ्रिजवर तारखांचा कागद लावलेला असतो. मागच्या खेपेला निघताना म्हणाली, "शुक्रवारी नॉर्वेची पोरं येतायत, चादरी धुवायला टाकून जा. आणि तुझा तो ढोलवाला पुन्हा आला तर त्याला तुमच्या गाडीतच झोपव."