तिकिटामागचे सुट्टे

22 जुलै 2021 च्या पहाटे चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि बघता बघता एसटीचे आगार बुडाले. गाड्या पाण्यात, कार्यालय पाण्यात, कागदपत्रे पाण्यात. आगार व्यवस्थापक रणजित राजेशिर्के आणि त्यांचे सहकारी एका गाडीच्या टपावर चढले. जीव वाचवायला तर चढलेच, पण सोबत आगारातली रोकडही घेऊन चढले. सुमारे नऊ लाख रुपये होते. भर पावसात, चहूबाजूंनी पाणी चढत असताना ही माणसे तासन्‌तास त्या टपावर बसून राहिली आणि एसटीचा पैसा त्यांनी भिजू दिला नाही.

ही बातमी तेव्हा राज्यभर गाजली, कर्मचाऱ्यांच्या निष्ठेचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्या नऊ लाखांकडे निराळ्या नजरेनेही पाहायला हवे. कुठल्या तरी वाडीच्या फाट्यावर हात दाखवून गाडी थांबवणाऱ्या माणसाने कनवटीतून, पिशवीच्या कप्प्यातून, पदराच्या गाठीतून काढलेल्या दहा-वीसच्या नोटांची आणि नाण्यांची ती बेरीज होती. रत्नागिरी जिल्ह्यातला प्रवास पिढ्यान्‌पिढ्या अशाच पैशावर चालत आला आहे. आता भाडे मोबाइलवरून द्या, असा आग्रह वाढतो आहे. काही ठिकाणी आग्रहाची सक्तीही झाली आहे. म्हणूनच इथल्या तिकिटाचा इतिहास एकदा नीट पाहणे गरजेचे आहे.

एसटीच्या आधी कोकणचा मुंबईकडचा मोठा रस्ता म्हणजे समुद्र. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारी, लोकांनी प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखलेली स्वदेशी कंपनी, यांच्यावर चाकरमान्यांची ये-जा चाले. बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसे तिच्यापर्यंत नेली जात. तिकीट आधी बंदरावर काढायचे, मग पडाव. पैसे नसतील तर माणूस किनाऱ्यावरच राही. एसटीने यात मोठा बदल केला. तिकीट देणारा माणूसच गाडीत बसून गावात आला.

1 जून 1948 रोजी अहमदनगर ते पुणे ही एसटीची पहिली गाडी सुटली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. पुढे रत्नागिरी विभागाचे जाळे मंडणगडापासून राजापुरापर्यंत पसरले. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, देवरुख, रत्नागिरी, लांजा, राजापूर अशी नऊ आगारे झाली. रत्नागिरी शहराची वाहतूकही एसटीच सांभाळते. घाटातले, खाडीकाठचे, सड्यावरचे गाव असो, संध्याकाळी वस्तीची गाडी येते, चालक-वाहक तिथेच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी माणसांना तालुक्याला घेऊन जाते. अशा गावात वाहक हा केवळ तिकीट फाडणारा नसतो. कुणाचे औषध, कुणाचा निरोप, कुणाची आंब्याची पेटी त्याच्या ओळखीवर जाते. भाड्याचा व्यवहारही त्याच ओळखीवर चालतो.

त्या काळची तिकीटपेटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन सांगावे लागणार नाही, पण आता एक अख्खी पिढी ती न पाहता मोठी झाली आहे. अ‍ॅल्युमिनियमची चपटी पेटी, आत ओळीने कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एका किमतीच्या तिकिटांचा गठ्ठा. प्रत्येक किमतीचा रंग वेगळा. नेमक्या भाड्याचे तिकीट नसेल तर दोन-तीन तिकिटे जोडून बेरीज जुळवायची. बोटांत चिमटा, त्याची टिकटिक गाडीच्या खडखडाटातही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाई. कुठल्या टप्प्यापासून कुठल्या टप्प्यापर्यंत हे चिमट्याने पाडलेल्या भोकावरून कळे. तिकिटांचे क्रमांक वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, चढवायचे, खांद्याच्या चामडी पिशवीत पैसे टाकायचे, आणि हे सगळे वळणावळणाच्या घाटात एका हाताने दांडी धरून. दिवस संपला की आगारात तिकिटांचा आणि रोकडीचा हिशेब जुळलाच पाहिजे. कमी पडले तर वाहकाच्या खिशातून जात. मध्येच तपासणी पथक चढले आणि रकमेत फरक निघाला, तर त्याचा खुलासा द्यावा लागे.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो 1 एप्रिल 1957 रोजी. आदल्या दिवसापर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, त्या दिवसापासून शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, पण पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून कोष्टके छापली गेली: एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस. ज्याने चार वेळा एकेक आण्याचा व्यवहार केला त्याच्या हाती चोवीसच आले, ज्याने एकदम चार आण्यांचा केला त्याला पंचवीस मिळाले. एका पैशाचा हा घोळ आज क्षुल्लक वाटेल. ज्याचे भाडेच आण्यांत होते त्याला तो क्षुल्लक नव्हता. सरकारने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. जुनी नाणी एका रात्रीत बाद केली नाहीत. काही वर्षे आणे आणि नवे पैसे शेजारी शेजारी चालले, आणि 1 जून 1964 ला ‘नवे’ हे विशेषण गळून पडले तोवर लोकांच्या हाताला पैशाची सवय झाली होती. पावली, आठ आणे हे शब्द तर त्यानंतरही कित्येक दशके बोलण्यात टिकले.

पण सुट्ट्यांची ओढाताण काही मिटली नाही. प्रवासी वीसची नोट पुढे करतो, वाहकाकडे परत द्यायला नाणी नाहीत. त्यावर एसटीत एक साधा तोडगा रूढ झाला. वाहक तिकिटाच्या मागे पेनने परत द्यायची रक्कम लिहितो आणि सांगतो, “उतरताना मागून घ्या.” तो आकडा म्हणजे एक छोटी हुंडीच. तिच्यावर सही नाही, शिक्का नाही, तरी दोघेही ती मानतात. पुढच्या थांब्यावर कुणी नाणी दिली की वाहक मागे वळून “ज्यांचे राहिलेत त्यांनी घ्या” म्हणतो. कधी उतरणाऱ्याला घाई असते आणि पैसे राहून जातात. कधी वाहक दोघांना मिळून एक नोट देतो आणि खाली उतरून आपसांत वाटून घ्यायला सांगतो. यावरून भांडणेही भरपूर झाली आहेत. वाहकाने मुद्दाम दोन रुपये ठेवले अशी तक्रार प्रवाशाची, सकाळच्या पहिल्या फेरीलाच सगळे शंभराच्या नोटा काढतात अशी वाहकाची. दोघांचेही खरे असते. 30 जून 2011 नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पुढे दहा रुपयांचे नाणे चालत नाही अशी अफवा गावोगाव पसरली, आणि जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला चौदाही प्रकारची नाणी वैध असल्याचे सांगावे लागले. बाजारात नाकारलेले नाणे शेवटी एसटीत खपवायचे, हेही तेव्हा घडले.

2010 च्या सुमारास पेटी गेली आणि तिकीट छापणारे यंत्र आले. सुरुवातीला यंत्र बंद पडले की गाडी खोळंबे. वाहकांनाही ते जड गेले. पण वेबिलाची आकडेमोड सुटली, सवलतींचा हिशेब सोपा झाला, आणि थोड्याच काळात पेटीची आठवण काढणारेही यंत्राला सरावले. विशेष म्हणजे या बदलात प्रवाशाला काहीच शिकावे लागले नाही. त्याने गावाचे नाव सांगायचे आणि पैसे द्यायचे, एवढेच. एसटीतले जे बदल सहज पचले ते असेच होते. त्यांचा भार संस्थेने उचलला, बाकावर बसलेल्या माणसावर टाकला नाही.

नोटाबंदीत हेच उलटे झाले. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. सार्वजनिक वाहतुकीत त्या काही दिवस स्वीकारायची मुभा होती. ती वाढत वाढत गेली आणि बस-रेल्वेसाठी 10 डिसेंबरला संपली. मुभा होती, पण पंधरा-वीस रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट घेऊन उरलेले परत कशातून द्यायचे? मुंबईच्या पैशावर घर चालवणाऱ्या कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांनी डब्यात जपलेल्या नोटा नेमक्या मोठ्याच होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले होते, पण खेड-मंडणगडच्या बसमध्ये तेव्हा ते कुणाच्या गावीही नव्हते.

सुट्ट्यांवर एसटीने शोधलेला सर्वांत चांगला उपाय कुठल्याही अ‍ॅपशिवायचा होता. जून 2018 मध्ये 18 टक्के भाडेवाढ करताना महामंडळाने भाडे पाचच्या पटीत आणले. सात रुपये होत असतील तर पाच घ्यायचे, आठ होत असतील तर दहा. कुणाचा रुपया गेला, कुणाचा वाचला, पण भांडणे कमी झाली. मग 25 जानेवारी 2025 ला 14.95 टक्के वाढ लागू झाली, किमान भाडे दहाचे अकरा झाले, आणि रुपया-रुपयाचा वाद पुन्हा उभा राहिला. परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी वाहकांना शंभर रुपयांचे सुट्टे आगाऊ द्यायला सांगितले आणि प्रवाशांना यूपीआय वापरायचे आवाहन केले. शंभर रुपयांचे सुट्टे किती पुरतात हे कुणीही मांडून पाहावे. अकराच्या तिकिटाला प्रत्येकाने वीसची नोट दिली, तर अकरा प्रवाशांतच नव्व्याण्णव रुपये संपतात. साध्या गाडीत बाके चाळिसावर माणसांची असतात. सवलतींचे हिशेब यात धरलेलेच नाहीत.

त्यामुळे यूपीआय आले तेव्हा रत्नागिरीतही त्याचे स्वागतच झाले. नव्या यंत्राच्या पडद्यावर चौकोनी खूण उमटते, प्रवासी ती मोबाइलने टिपतो, नेमके अकरा रुपये जातात आणि कुणी कुणाचे देणे लागत नाही. कॉलेजच्या मुलांना तर हे हवेच होते. आगारात रोकड मोजण्याचा, ती सांभाळण्याचा ताण कमी होतो हेही खरे, आणि टपावर बसून नोटा राखलेल्या आगाराला ते वेगळे सांगायला नको. पण गाडी घाटात शिरली की अनेक ठिकाणी रेंज जाते. पैसे खात्यातून गेले आणि यंत्राला पोचले नाहीत, की वाहक आणि प्रवासी दोघेही अडकतात, मागे रांग थांबते आणि पुढचा थांबा येतो. रोकडीत चूक झाली तर तिकिटामागे लिहून देता येत होते. अडकलेल्या यूपीआयला मागे लिहायची सोय नाही.

सक्ती कुठे झाली आणि कशी झाली, हेही पाहावे. लंडनच्या बसने 6 जुलै 2014 पासून रोख घेणे बंद केले, पण तोवर तिथे रोखीने प्रवास करणारे शंभरात एकही उरले नव्हते. शिवाय कार्डात पैसे अपुरे असले तरी एक फेरी करू देण्याची सोय ठेवली होती. मुंबईत बेस्टने डिसेंबर 2022 मध्ये प्रीमियम बस आणल्या, त्यांचे आसन अ‍ॅपवरूनच राखायचे होते. ज्यांना ते जमत नव्हते त्यांच्यासाठी साध्या बस त्याच रस्त्यावर होत्या. टोलनाक्यांवर फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. नसेल त्याला तेव्हा दुप्पट भरावे लागले, पण त्याची वाट अडवली गेली नाही. यूपीआयने देणाऱ्याला नोव्हेंबर 2025 पासून सव्वापटीत सोडतात. शिवाय टोल देणारा मोटारीचा मालक असतो.

मंडणगडच्या वस्तीच्या गाडीला असा दुसरा पर्याय नसतो. ती चुकली तर दिवस गेला. तिच्यात अर्ध्या तिकिटावर जाणाऱ्या बाया असतात, पंचाहत्तरी ओलांडलेले मोफत प्रवासाचे हक्कदार असतात, पासवाले विद्यार्थी असतात, म्हणजे रोकड न देणारे एसटीत आधीपासूनच आहेत. या सवलती आणि ते पास राज्य सरकारने दिले आणि ते मिळवायला कुणाला मोबाइल विकत घ्यावा लागला नाही. महिलांना मार्च 2023 मध्ये अर्धे तिकीट झाले तेव्हा माहेरच्या, बाजाराच्या, दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या. यातल्या कितीतरी जणींच्या हातात फोन असतो पण खाते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाशी जोडलेले असते. उद्या रोख बंद झाली तर घराबाहेर पडायला त्यांना पुन्हा घरातल्या दुसऱ्याकडे मागावे लागेल. या गोष्टीची चर्चा सक्तीच्या बाजूने बोलणारे फारशी करत नाहीत, आणि ती व्हायलाच हवी.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली आणि मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. मोबाइलचे मनोरे बंद पडले. पुढच्या वर्षी चिपळुणात पुराने तेच केले. एटीएम बुडाली, वीज गेली, संपर्क तुटला. अशा वेळी औषध आणायला तालुक्याला निघालेल्या माणसाकडे असते ती फक्त नोट. रत्नागिरी विभागाच्या गाड्यांत आज दोन्ही चालते, यंत्रावरची खूणही आणि पिशवीतली रोकडही. महामंडळाने यूपीआय जरूर वाढवावे, वाहकाला शंभराऐवजी पुरेसे सुट्टे द्यावेत, भाडे पुन्हा पाचच्या पटीत आणता येते का तेही पाहावे. पण वाहकाच्या खांद्यावरची पिशवी काढून घेण्याचा विचार कुणाच्या मनात आला, तर त्याने आधी पावसाळ्यात एक रात्र वस्तीच्या गाडीने एखाद्या गावात मुक्काम करावा आणि पहाटेच्या फेरीला कोण कोण चढते आणि काय काढून देते, ते स्वतः बघावे.