मजले मोजायचे कधी? बॅकबेची गोष्ट, अलिबागकरांसाठी

मंत्रालयात काम निघालं की आपल्यातले निम्मे लोक मांडव्याहून बोटीने गेटवेला उतरतात आणि टॅक्सीवाल्याला "नरिमन पॉइंट" सांगतात. हा नरिमन कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. खुर्शेद फ्रामजी नरिमन. पारशी वकील, काँग्रेसचे पुढारी, 1935-36 साली मुंबईचे महापौर. समुद्रात भराव घालण्याच्या सरकारी योजनेतला घोटाळा ज्या माणसाने चव्हाट्यावर आणला, त्याचंच नाव पुढे समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीला दिलं गेलं. यापेक्षा मोठी थट्टा मुंबईने कुणाची केली नसेल.

आज हे लिहायला कारण आहे. गेले काही महिने आपल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच भांडण चाललंय. किनाऱ्यालगत किती मजले चालतील? एक बाजू म्हणते, रो-रो आली, अटल सेतू झाला, आता अलिबागने काय कौलारू घरांचं म्युझियम व्हायचं का? दुसरी म्हणते, नारळाच्या वर इमारत गेली की संपला किनारा. दोन्हीकडे माझे मित्र आहेत, दोन्हीकडून मला फॉरवर्ड येतात. पण खाडीपलीकडच्या मुंबईत हे भांडण शंभर वर्षांहून जास्त काळ चाललंय. ते कसं चाललं हे एकदा बघून घेऊ, मग भांडू. निवांत वाचा, पोस्ट मोठी आहे.

बॅकबे म्हणजे मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधला अर्धगोल समुद्र. तो बुजवून जमीन विकायची पहिली टूम 1860 च्या दशकातली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातात खुळखुळणारा पैसा बॅकबे कंपनीच्या शेअरमध्ये गेला. जमीन अजून पाण्याखाली होती आणि शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट वर! 1865 साली युद्ध संपलं, कापूस पडला, कंपनी बुडाली, तिच्याबरोबर शहरातले भलेभले बुडाले. किनाऱ्यावरची जमीन वापरायच्या आधी विकायची असते, हा धडा तेव्हापासूनचा. आपल्याकडे सध्या प्लॉटचे भाव कोण लावतंय आणि त्यातल्या किती प्लॉटवर खरोखर कुणी राहायला येणार आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरी टूम 1920 ची, आणि ती थेट सरकारची. गव्हर्नर होते जॉर्ज लॉइड. आठ ब्लॉक पाडून सुमारे 1145 एकर जमीन समुद्रातून काढायची, असा बेत. बंदराच्या बाजूचा गाळ ड्रेजरने उपसायचा, पाइपने पलीकडे आणायचा आणि दगडी बांध घालून अडवायचा. पण बांधाच्या दगडांच्या फटींतून गाळ पुन्हा समुद्रात. वरून ओता, खालून जाऊ द्या! खर्चाचा अंदाज फुगत गेला आणि लोक योजनेला लॉइडचा मूर्खपणा म्हणू लागले.

नरिमन यात पडले ते गाळ वाहत असतानाच. भाषणांतून, वर्तमानपत्रांतून त्यांनी आकडे मांडले, अधिकाऱ्यांची नावं घेतली. हार्वे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. 1926 साली चौकशी समितीही बसली. शेवटी आठपैकी चारच ब्लॉक झाले, 1, 2, 7 आणि 8. मिळून सुमारे 440 एकर. मधले चार ब्लॉक, 3 ते 6, समुद्रालाच राहिले. हे आकडे लक्षात ठेवा, कारण सहावा ब्लॉक पुढे पुन्हा येणार आहे.

पहिल्या दोन ब्लॉकांवर मरीन ड्राइव्ह आणि चर्चगेटचा पट्टा उभा राहिला. 1930 आणि 40 च्या दशकांतल्या त्या गोलसर बाल्कन्यांच्या इमारती बघा. एकसारख्या पाच-सहा मजल्यांच्या, जणू गवंड्याने दोरी धरून बांधलेल्या. मुंबईकरांची अभिरुची तेव्हा जास्त चांगली होती अशातला भाग नाही. जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली, आणि उंची आधी ठरलेली. पहिली वीट बसण्यापूर्वी मजले कागदावर मोजून झाले होते. 2018 साली युनेस्कोने त्या इमारतींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि आपण अभिमानाने स्टेटस ठेवले.

स्वातंत्र्यानंतर, 1960 आणि 70 च्या दशकांत, समुद्राला राहिलेल्या भागात पुन्हा भराव पडला. नरिमन पॉइंट आणि कफ परेडचे टॉवर त्यातले. एअर इंडियाची 23 मजली इमारत 1974 ची. आपलं विधान भवनसुद्धा याच भरावावर आहे. म्हणजे किनाऱ्याचे कायदे करणारं सभागृह मूळच्या समुद्रात बसलंय! आणि त्या टॉवरांच्या पायाशी कफ परेडचं मच्छीमार नगर अजून जाळी वाळवतंय. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

नोव्हेंबर 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, भरतीच्या रेषेपासून 500 मीटरपर्यंत बांधकामं नकोत. पत्रच ते, मुख्यमंत्र्यांच्या फायलीत गेलं. त्याचा कायदा व्हायला दहा वर्षं लागली. 19 फेब्रुवारी 1991 ची अधिसूचना, जिला आपण सगळे सीआरझेड म्हणतो, ती हीच.

मधल्या काळात वॉर्डन रोडवर 'प्रतिभा' घडली. ही बॅकबेत नाही, थोडी उत्तरेला, समुद्रालगतच्या उच्चभ्रू वस्तीत. 36 मजली गृहनिर्माण सोसायटी. मंजूर एफएसआयपेक्षा 24,000 चौरस फुटांहून जास्त बांधकाम निघालं आणि 1984 साली महापालिकेने वरचे आठ मजले पाडायचा आदेश काढला.

इथे एफएसआयबद्दल दोन ओळी, कारण आपल्या ग्रुपवर अर्धं भांडण या शब्दावर अडतं. एफएसआय म्हणजे उंचीची मर्यादा नव्हे. हजार चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय एक, तर सगळे मजले मिळून हजार मीटर बांधता येतात. अर्ध्या प्लॉटवर बांधलंत तर दोन मजले, पाव प्लॉटवर बांधलंत तर चार. त्यातून जिना, लिफ्ट, पार्किंग अशा गोष्टी हिशेबाबाहेर काढायची मुभा मिळाली की इमारत आणखी वर सरकते. म्हणून "एफएसआय तेवढाच आहे हो" असं कुणी सांगितलं की लगेच मान हलवू नका. हिशेबाबाहेर काय काय काढलंय ते विचारा.

तर प्रतिभा. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. सोसायटीची एक मागणी वाचून मी थक्क झालो होतो. वरचे आठ मजले नकोत, त्याऐवजी इमारतीचा एक उभा भाग वरपासून खालपर्यंत कापून टाकू! केकसारखा. 1991 साली कोर्टाने ते फेटाळलं आणि आठ मजल्यांवर हातोडा पडला. पुढे कित्येक वर्षं उरलेला टॉवर रिकामा उभा होता. नियम जिंकला, म्हणायला हरकत नाही. पण आदेश 1984 चा आणि निकाल 1991 चा, सात वर्षं. शिवाय तेवढे मजले चढत असताना रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला मोजता आले नाहीत? मजले काही रात्रीत उगवत नाहीत.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये तर याहून वाईट झालं. पाच मजल्यांची परवानगी आणि इमारती गेल्या वीस मजल्यांपर्यंत. 1980 च्या दशकात बांधलेलं, सुप्रीम कोर्टाचा निकाल 2013 चा. तोवर लोकांचे संसार तिथे म्हातारे झाले होते. 2014 साली वरच्या मजल्यांचं पाणी, वीज, गॅस तोडायला पथक आलं तेव्हा टीव्हीवर रडणारी माणसं फ्लॅट घेणारी होती. बांधणारे कुठे होते? ग्रुपवर कुणी "बेकायदा आहे, पाडून टाका" असं एका ओळीत लिहितो तेव्हा मला ती दृश्यं आठवतात.

आणि आता सहावा ब्लॉक. 'आदर्श' सोसायटी सगळ्यांना माहीत आहे. कारगिल, फ्लॅटवाटप, नोव्हेंबर 2010 मध्ये मुख्यमंत्र्यांचा राजीनामा. राजकारणाच्या गदारोळात पत्ता मात्र कुणी वाचला नाही. ब्लॉक 6, बॅकबे रेक्लमेशन, कुलाबा. नरिमन लढले तेव्हा जो ब्लॉक पाणीच राहिला होता, बरोबर तिथे, 31 मजले, 104 फ्लॅट, उंची सुमारे 100 मीटर. सीआरझेडची रीतसर परवानगी नव्हती म्हणून पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2011 मध्ये पाडायचा आदेश दिला. एप्रिल 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पाडा म्हटलं. त्याच वर्षी जुलैत सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. इमारत पडलेली नाही.

या चार गोष्टी शेजारी ठेवून बघा. नरिमननी हरकत घेतली तेव्हा गाळ वाहत होता, आणि चार ब्लॉक वाचले. प्रतिभात मजले चढल्यावर आदेश निघाला, तर सात वर्षं कोर्टात गेली. कॅम्पा कोलात लोक राहायला गेल्यावर निकाल आला, तर शिक्षा भलत्यालाच. आदर्शमध्ये सगळं झाल्यावर आरडाओरडा झाला आणि स्थगिती मिळाली. नियम चारही वेळा होता. कमी पडला तो वेळेवर मोजणारा माणूस.

आता आपल्याकडचं.

नगरपालिका हद्दीतला आधीच बांधलेला भाग सीआरझेड-2 मध्ये येतो. तिथे आधीच असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येतं. म्हणून 'रस्ता आधीच होता' हे सिद्ध करायला लोक कुठल्या पायवाटेला रस्ता म्हणतील याचा नेम नाही. आधी या भागातला एफएसआय 1991 च्या पातळीवर गोठवलेला होता. 18 जानेवारी 2019 च्या नव्या अधिसूचनेने ते गोठवणं उठवलं. शहरातले मजले वाढायची चर्चा एकाएकी का सुरू झाली, याचं एक मोठं कारण हे.

ग्रामपंचायतींचं वेगळं आहे. थळ, वरसोली, आक्षी, नागाव, रेवदंडा, किहीम या गावांचा बराच किनारा सीआरझेड-3 चा. तिथे घराची उंची 9 मीटर, तळमजला अधिक एक. पूर्वी भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकामबंदी सरसकट होती. 2019 मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ती 50 मीटरवर आणली. दाट म्हणजे 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं. तुमचं गाव या आकड्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर 150 मीटरची पट्टी ठरते. गुंठ्याला आज काय भाव आहे ते मी सांगायला नको.

उंची म्हटली की माझं रक्त लगेच तापतं असं नाही. कोळीवाड्यात तीन भावांचं घर असतं, मुलांची लग्नं होतात, वर एक मजला चढवल्याशिवाय जागा होत नाही. त्याला 9 मीटर आडवे येतात, कागद नसले की नोटीसही लवकर येते. त्याच्याच शेजारी कुंपणाआडच्या बंगल्याचा 'तळघर अधिक दोन' कुणाला दिसत नाही. ही उफराटी मोजणी मला जास्त खुपते. आणि समुद्र दिसणारी बाल्कनी म्हणून ब्रोशरमध्ये जे विकलं जातं, ते मागच्या आळीच्या खिडकीतून काढून घेतलेलं असतं. त्याचे पैसे मागच्या आळीला मिळाल्याचं अजून ऐकलं नाही.

तर सध्या ज्या प्रस्तावावरून ग्रुप तापलेत त्याबद्दल. तिथे अजून जोतंही झालेलं नाही, म्हणजे नरिमनच्या वेळेत आपण आहोत. मी माहिती अधिकारात चार गोष्टी मागितल्यात: मंजूर नकाशा, भरतीरेषा दाखवणारा नकाशा, सीआरझेडची परवानगी असल्यास तिची प्रत, आणि एफएसआयमधून वगळलेल्या क्षेत्राचा तक्ता. बिल्डरचं नाव मुद्दाम घेत नाही, कागद बघितल्याशिवाय कुणावर आरोप करायचा नाही. अर्ज गेल्या सोमवारी दिलाय, पोच माझ्याकडे आहे. कायद्याने 30 दिवस. जे येईल ते जसंच्या तसं इथे टाकतो. दरम्यान त्या आळीतल्या कुणाकडे 1991 च्या आधीचा सिटी सर्व्हेचा उतारा किंवा त्या रस्त्याचा जुना फोटो असेल, तर इनबॉक्समध्ये पाठवा. लग्नाच्या वरातीचा असला तरी चालेल, मागे रस्ता दिसला पाहिजे.