चिपाडाची गाडी, पुठ्ठ्याची लोकल

बोरीवली स्टेशनाच्या पश्चिमेस एकसर येथे काही वीरगळ आहेत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात तेथील सहा शिळांचे वर्णन आले आहे. त्यांतील एकीवर समुद्रावरचे युद्ध कोरलेले आहे : उंच नाळेची पाच गलबते, त्यांवर डोलकाठ्या आणि प्रत्येकाच्या एका कुशीस नऊ वल्ही. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात इ. स. १२६५ च्या सुमारास जे युद्ध झाले तेच हे, असे बरेच अभ्यासक मानतात. कोणी ते त्याहून जुने ठरवतात. तो निवाडा आपण पंडितांवर सोपवू. आमचे लक्ष वेधले ते वल्ह्यांनी. सुमारे तीन फूट रुंदीच्या शिळेवर पाच गलबते बसवायची, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम वीतभर जागा येते. तेवढ्या जागेत चार-दोन रेघा ओढून पाथरवटाला भागवता आले असते. त्याने ती मोजता येतील अशी कोरली. ज्या गलबतांवरून ती घेतली, ती गलबते कधीच कुजून गेली.

वाहनाची लहानशी नक्कल म्हणजे पोरखेळ, अशी आपली समजूत असते. इतिहासाच्या अभ्यासकाला ती परवडत नाही. वाहन हे वापरायचे, झिजवायचे आणि अखेर चुलीत किंवा भंगारात घालायचे. पुढच्या पिढीला त्याचे रूप कळते ते पुष्कळदा अशा नकलेवरूनच. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. हा ठेवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे. रथ ४५ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद, आणि सारथी १६ सेंटिमीटर उंच. उत्खनन करणारे सा. आ. साळी यांनी त्यांचा काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा धरला. धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पाहून इतर काहींनी शंका घेतली. काळ कोणताही ठरो. भरीव चाके, लांब दांडी, तिच्या टोकाशी जू आणि जुवाखाली दोन बैल, ही जोडणी ज्याने नीट पाहिली नव्हती, त्याला ती घडवता आली नसती. शिवाय गेंडा आणि रेडा हेही चाकांवर आहेत! नागपूरकडच्या मंडळींना येथे तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी बैल आठवेल. तो प्रघात भोसले राजघराण्याने १८०६ साली पाडला असे सांगतात. दोहोंत नाते जोडण्याचा मोह होतो. पुरावा नाही, म्हणून आम्ही ते जोडत नाही.

परंतु ब्राँझ ओतणारा कारागीर साधनसंपन्न होता. आमचा विषय ज्यांच्यापाशी साधने नाहीत त्यांचा आहे. ज्वारीची काढणी होऊन कडब्याच्या गंजी लागल्या की देशावरची मुले त्यातली ताटे ओढून काढत आली आहेत. ताटाची वरची साल दाताने किंवा विळ्याच्या टोकाने सोलली की तिच्या चिवट कांबट्या निघतात आणि आत पांढरे, हलके भेंड उरते. भेंड हे लाकूड. कांबट्या याच दांड्या आणि याच खिळे. भेंडात कांबटी टोचली की सांधा झाला. डिंक नको, दोरा नको. आसाला बाभळीचा काटा. चाकाला घासून गोल केलेली खापरी. पुढे बाटलीचे बूच आले, आणि त्याहीपुढे जुन्या रबरी चपलेतून कापलेली चकती. आठ-नऊ वर्षांचा मुलगा ही गाडी करतो तेव्हा त्याला काय काय कळते, ते पाहण्यासारखे आहे. चाकाचे भोक आसापेक्षा किंचित मोठे हवे, नाहीतर चाक फिरत नाही, घसटत जाते. फार मोठे झाले तर ते लडबडते. आसाच्या टोकाला अडसर नसला तर दोन पावलांत चाक निसटते. जू दांडीला अगदी घट्ट आवळले तर गाडी वळायला कुरकुरते. गावच्या सुताराला खऱ्या गाडीत याच अडचणी सोडवायच्या असतात, फक्त त्याच्या हाती वाकस असतो आणि समोर गिऱ्हाईक. बाजारातले तयार खेळणे मुलाला यांतला एकही प्रश्न विचारीत नाही.

या शक्तीचा शिक्षणासाठी विचार करणारे एक गृहस्थ पुण्यातच होते. अरविंद गुप्ता हे टेल्कोच्या कारखान्यातले अभियंते. मालमोटारींच्या कारखान्यातून ते १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण प्रकल्पात गेले आणि तेथे सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगपेटीच्या काड्या यांतून सांगाडे जोडू लागले. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी हाच उद्योग वर्षानुवर्षे केला.

आता शहरात येऊ. कुलाब्यापासून बोरीवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली ती ५ जानेवारी १९२८ रोजी. तेव्हापासून उपनगरातल्या कितीतरी मुलांनी तिची नक्कल करून पाहिली असेल. या नकलेत एक गणिती अडचण आहे. जगात लहान रेल्वेचे जे माप सर्वाधिक चालते, त्याला एचओ म्हणतात. त्यात खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात. म्हणजे प्रमाण १ : ८७. या मापाचा विकतचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या लोहमार्गावरून घेतलेला आहे. आपला मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्याचे त्याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर होतात. फरक अवघा पावणेतीन मिलिमीटरचा. पण आपली लोकल बारा फूट रुंद, म्हणजे नकलेत ४२ मिलिमीटर. तिच्याखाली विकतची चाके घातली की थोराड माणसाने धाकट्या भावाच्या चपला घातल्यासारखे दिसते. पुष्कळजण ते चालवून घेतात. ज्याला चालत नाही त्याला आस, चाकांची जोडणी, रूळ, सारे मुळापासून घडवावे लागते. परदेशी छांदिष्ट हौसेने जे करतो, ते येथे गरजेने होते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली उघडले. तेथे चालत्या गाड्या पाहून घरी परतलेल्या मुलाला लोकल हवी झाली, तर वाट पुठ्ठ्याच्या दुकानाचीच.

हत्यारे कोणती? दाढीचे पाते, अर्ध्यावर कागद गुंडाळलेले. कंपासपेटीतले कर्कटक. नखे कापण्याच्या यंत्राची कानस. मेणबत्तीवर तापवलेली सुई. डब्याची बाजू म्हणजे साडीच्या खोक्याचा पुठ्ठा. खिडक्या आधी कापायच्या आणि घडी नंतर घालायची; उलट केले तर पुठ्ठा चेपतो. घडीच्या रेघेवर पाते निम्म्यापर्यंतच फिरवायचे. रिबिटांची रांग हवी असेल तर कागद रबराच्या तुकड्यावर पालथा ठेवून बोथट टोकाने एकेक ठिपका दाबायचा; सुलट केला की रांग उठून दिसते. जुन्या एक्स-रेची फिल्म धुऊन काच होते, रिकाम्या रिफिलीची हवेची नळी, स्टेपलरच्या पिनेचा दारातला दांडा. माप घ्यायला गाडी थांबत नाही, म्हणून छायाचित्र घ्यायचे आणि ज्याचे माप पक्के ठाऊक आहे अशा एका भागावरून बाकीची मापे काढायची. छायाचित्र अगदी समोरून घेतलेले हवे. तिरके असले तर सारा हिशेब फसतो.

हे सारे आता निकडीचे झाले आहे. १५०० व्होल्ट डी.सी. विजेवर चालणारी लोकल पश्चिम रेल्वेवर २०१२ साली व मध्य रेल्वेवर २०१६ साली संपली. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, आणि पुढे शहराला आठवण म्हणून एक ट्राम मांडावीशी वाटली तेव्हा डबा कोलकात्याहून आणावा लागला. बेस्टच्या आणिक आगारातल्या संग्रहालयात ट्रामच्या आणि बसच्या लहान प्रतिकृती आहेत. नव्या पिढीला मुंबईची ट्राम समजायची ती मुख्यतः त्यांवरून आणि छायाचित्रांवरून. १९३७ साली सुरू झालेली डिझेलची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. तिला निरोप द्यायला हार घेऊन माणसे आली, छायाचित्रेही पुष्कळ निघाली. पण छायाचित्रे निघतात ती बाहेरून, आणि बहुतेक पुढून. पुठ्ठ्याची बस करणाऱ्याला लागते ते वेगळेच : मागच्या जिन्याला पायऱ्या किती, वळण कितव्या पायरीला, वरच्या मजल्याची उंची किती, कंडक्टरची घंटी वाजवण्याची दोरी कोठून कोठे गेलेली. एकसरच्या पाथरवटाने वल्ही मोजली होती. या बसच्या पायऱ्या ज्यांनी रोज चढून-उतरून झिजवल्या, ती माणसे अजून आपल्या बोरीवलीत पुष्कळ आहेत. त्यांना विचारून वहीत लिहून घेण्याचे काम आजच्या शाळकरी मुलांनाही करता येईल.