प्राण आणि प्राणवायू

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या वळणात माहूर वसले आहे. एका डोंगरावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर अनसूया. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणून माहूर सर्वांना ठाऊक असते. दत्तभक्तांची या गावाबद्दल आणखी एक श्रद्धा आहे. दत्तात्रेय स्नानाला काशीला जातात, भिक्षेला कोल्हापूरला आणि रात्री निजायला माहूरला येतात. म्हणजे माहूर हे त्यांच्या विश्रांतीचे ठिकाण.

दत्तात्रेय हे योग्यांचे गुरू मानले जातात. त्यांच्या नावावर 'दत्तात्रेययोगशास्त्र' नावाचा एक छोटा संस्कृत ग्रंथ आहे. अभ्यासक तो तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. हठयोग हे नाव घेऊन त्याची पद्धतशीर मांडणी करणाऱ्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. ग्रंथातील संवाद माहूरला नव्हे, तर नैमिषारण्यात घडतो. पण बोलणारे दत्तात्रेय तेच. सांकृती नावाचा मुनी त्यांना योग विचारतो आणि दत्तात्रेय त्याला श्वास घेणे, रोखणे आणि हळूहळू सोडणे यांचा क्रम सांगतात.

या ग्रंथातील एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. योग कोणाला साधतो, या प्रश्नावर उत्तर येते, की ब्राह्मण असो, संन्यासी असो, बौद्ध असो, जैन असो, अगदी चार्वाकमताचा असो, जो अभ्यास करील त्याला साधेल. नुसता वेष धारण करून किंवा योगाच्या गप्पा मारून काही होत नाही. आपले म्हणणे मान्य नसलेल्यालाही 'करून पाहा' असे सांगणारा हा विचार प्रयोगाच्या जवळ जाणारा आहे. त्या आमंत्रणाचे पुढे काय झाले, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत.

निरीक्षण जुने, स्पष्टीकरण वेगळे

श्वास आणि मन यांचे नाते आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. पतंजलीच्या योगसूत्रांत प्राणायाम हे योगाचे चौथे अंग आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी नेवाशाला सांगितलेल्या भावार्थदीपिकेच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे सविस्तर वर्णन मराठीत आले. पंधराव्या शतकातील 'हठप्रदीपिका' हा ग्रंथ तर स्पष्टच सांगतो, की श्वास चंचल असेल तर मनही चंचल राहते आणि श्वास स्थिरावला की मनही स्थिरावते. हिंस्र पशूला जसे हळूहळू माणसाळवावे तसेच श्वासाला वश करावे, घाई केली तर साधकाचाच घात होतो, असा इशाराही तिथे आहे.

ही निरीक्षणे बारकाईने केलेली होती. स्पष्टीकरण मात्र त्या काळच्या शरीरकल्पनेतून आलेले होते: नाड्या, चक्रे आणि त्यांतून वाहणारा प्राण. हा प्राण म्हणजे हवेतील एखादा घटक नव्हे. तो शरीर चालवणारी शक्ती, पंचप्राणांपैकी एक.

पुढे एकोणिसाव्या शतकात आधुनिक रसायनशास्त्र मराठीत आले आणि ऑक्सिजनला नाव मिळाले 'प्राणवायू'. नाव सुंदर आणि सार्थ आहे, यात शंका नाही. पण त्यामुळे एक समीकरण आयतेच तयार झाले: प्राणायाम म्हणजे प्राणवायूचा भरपूर पुरवठा. आजही अनेक शाळांत परिपाठाच्या वेळी हेच सांगितले जाते. दीर्घ श्वास घ्या, रक्तात जास्त ऑक्सिजन जाईल, मेंदू ताजातवाना होईल. हे वाक्य तपासून पाहण्याचे काम एका मराठी शिक्षकानेच फार पूर्वी केले आहे.

अमळनेरचे शिक्षक, लोणावळ्याची प्रयोगशाळा

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ मध्ये गुजरातेतील डभोईचा. बडोद्याला प्रा. माणिकराव यांच्याकडे ते व्यायामविद्या शिकले. १९१६ ते १९२३ या काळात त्यांनी अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन केले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही झाले. याच अमळनेरात पुढे साने गुरुजी शिक्षक झाले. नर्मदाकाठी मालसर येथील परमहंस माधवदासजींकडून गुण्यांनी योगाचे शिक्षण घेतले. स्वामी कुवलयानंद या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

योगाचे परिणाम होतात, हे त्यांनी अनुभवले होते. ते का होतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास केला. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगावरचे प्रयोग, मोजमापे आणि निष्कर्ष छापणारे इतके जुने नियतकालिक दुसरे क्वचितच सापडेल.

प्राणायामाच्या वेळी उच्छ्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेचेही तिथे विश्लेषण झाले. त्यातून कुवलयानंदांच्या लक्षात आले, की प्राणायामाचा मोठेपणा ऑक्सिजनच्या जादा पुरवठ्यात नाही. त्याचे महत्त्व चेतासंस्थेवरील परिणामात शोधायला हवे. स्वतः योगाचे पुरस्कर्ते असूनही त्यांनी योगाच्या बाजूचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण बाजूला ठेवले. आम्हाला त्यांची ही कृती त्यांच्या कोणत्याही शोधापेक्षा मोठी वाटते.

फळ्यावर मांडण्यासारखे गणित

हा निष्कर्ष वर्गात साध्या गुणाकाराने पटवता येतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १४ श्वास घेतो आणि एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. यातील सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते. ती वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे उपयोगी हवा १४ × ३५० = ४,९०० मिलिलिटर.

आता तोच माणूस मिनिटाला फक्त ६ श्वास घेतो, पण प्रत्येक वेळी सुमारे १,००० मिलिलिटर हवा आत घेतो, असे समजू. उपयोगी हवा ६ × ८५० = ५,१०० मिलिलिटर. फरक जेमतेम २०० मिलिलिटरचा. शिवाय निरोगी माणसाच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन एरवीही ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी किती पाणी मावणार? आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि बाहेर सोडलेल्या हवेतही तो सुमारे १६ टक्के उरतोच.

लोणावळ्याला येऊन प्राणायाम शिकलेले येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनान यांनी १९३७ मध्ये आपल्या प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात उज्जायीच्या वेळी शरीराने वापरलेला ऑक्सिजन सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. हा आकडा पुष्कळदा चुकीच्या अर्थाने सांगितला जातो. स्नायूंनी जास्त काम केले म्हणून ऑक्सिजन जास्त खर्च झाला, एवढाच त्याचा अर्थ. चार पावले चाललो तरी तो वाढतो. बेहनान यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. प्राणायामानंतर लगेच बेरजा करण्यासारखी कामे त्यांना थोडी मंदच जमली. प्रयोग स्वतःवर केलेला, म्हणजे एकाच माणसाचा होता. पण ज्या अभ्यासाची आवड आहे त्याचीही उलट बाजू नोंदवण्याचा प्रामाणिकपणा त्यात दिसतो.

हृदयाकडे जाणारी वाट

मग मन शांत होते ते कशाने? याचे धागेदोरे वेगवेगळ्या देशांत सापडले.

आपल्या शरीरातील बरीच कामे स्वायत्त चेतासंस्था पाहते. हृदयाने किती वेगाने धडधडावे, आतड्यांनी केव्हा हलावे, यासाठी ती आपली परवानगी मागत नाही. श्वास मात्र दोन्ही खात्यांत आहे. झोपेत तो आपोआप चालतो आणि जागेपणी आपण ठरवले तर आपले ऐकतो.

१९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील शास्त्रज्ञ भारतात आले. हृदय थांबवू शकतो असा दावा असलेल्या योग्यांची त्यांनी विद्युतआलेख घेऊन तपासणी केली. बहुतेकांनी श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळले, तेव्हा मनगटावरची नाडी लागेना आणि ठोक्यांचा आवाज क्षीण झाला. पण आलेखावर हृदय चालूच होते. छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले होते. हृदयाला थेट हुकूम चालत नाही. त्याच्याकडे जाणारी वाट श्वासावरून जाते, हा या तपासणीचा धडा.

या वाटेची पहिली खूण जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच नोंदवली होती. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. मंदावण्याचे काम प्रामुख्याने व्हेगस नावाची चेता करते. ती परानुकंपी चेतासंस्थेचा, म्हणजे शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या व्यवस्थेचा, मुख्य भाग आहे.

मानेतील आणि हृदयाजवळील मोठ्या धमन्यांच्या भिंतींत रक्तदाब जाणणारी टोके असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि मेंदू ठोके मंदावतो. निरोप जाऊन त्याप्रमाणे दाब बदलण्याचे हे चक्र सुमारे १० सेकंदांचे असते. मिनिटाला ६ श्वास म्हणजे एका श्वासालाही १० सेकंदच. झोका नेमका मागे आला असता प्रत्येक वेळी हलकासा धक्का द्यावा आणि तो उंच उंच जावा, तसे इथे होते. दोन लयी जुळतात आणि रक्तदाब सावरणारी ही व्यवस्था अधिक तत्पर होते.

२००१ मध्ये लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र या दोन्हींच्या पठणाने श्वसनाचा वेग मिनिटाला ६ च्या आसपास आला आणि रक्तदाबाच्या या व्यवस्थेची संवेदनशीलता वाढली. धर्म दोन, भाषा दोन, लय एक. दत्तात्रेययोगशास्त्रातील 'कोणत्याही मताचा असो' या म्हणण्याची ही जणू प्रयोगशाळेतून आलेली पोच होती.

श्वासाची लय ठरवणारा चेतापेशींचा छोटा पुंजका लंबमज्जेत आहे, हे १९९१ मध्ये दाखवले गेले. त्यातील काही पेशींचा संबंध मेंदूला सावध ठेवणाऱ्या केंद्राशी आहे, असे २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. त्या मोजक्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर अधिक शांत झाले. श्वास आणि मनाची खळबळ यांना जोडणारा तंतू असा दिसू लागला आहे.

किती उपयोग, किती नाही

श्वसनतंत्रांवरील १२ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ७८५ प्रौढ होते. ताण कमी झाल्याचे दिसले, पण परिणाम लहान ते मध्यम होता आणि पुराव्यापेक्षा गाजावाजा मोठा होऊ देऊ नका, असे संशोधकांनीच बजावले.

आम्हालाही हेच सांगायचे आहे. मराठवाड्यातल्या शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी नापिकी असते, कर्ज असते, ऊसतोडीला गेलेले आईवडील असतात. त्याला 'दीर्घ श्वास घे' एवढेच सांगून आपली सुटका करून घेणे म्हणजे त्याचे दुःख त्याच्याच अंगावर टाकणे होय. संथ श्वासाने कर्ज फिटत नाही. परीक्षेच्या आधी किंवा भांडणानंतर उसळलेली धडधड त्याने खाली येते आणि विचार करायला जागा मिळते. त्याहून खोल त्रास दिसला तर मुलाशी बोलावे, पालकांना बोलवावे, डॉक्टरांची मदत घ्यावी. २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर आहे.

वर्गात करण्यासाठी

१. मुलांच्या जोड्या करा. एकाने धडा मनात वाचावा, दुसऱ्याने त्याला न सांगता त्याचे मिनिटभरातील श्वास मोजावेत. मग सांगून पुन्हा मोजावेत. कळल्यावर श्वास बदलतो का, ते पाहा. श्वास दोन्ही खात्यांत असल्याचा हा पुरावा.

२. मनगटावरची नाडी धरून सावकाश श्वास घ्यायला आणि सोडायला सांगा. लुडविगचे निरीक्षण पुष्कळांना बोटांखाली जाणवेल.

३. पाढे, कविता किंवा प्रार्थना संथपणे म्हणताना मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा. वेगवेगळ्या चालींची तुलना करा.

४. शेवटी ५ मिनिटे नाकाने श्वास घ्या: मनात ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. जोर लावायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. भराभर श्वास घेतल्यास कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जाऊन मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. तसे वाटले किंवा दमा-हृदयविकार असलेल्या मुलाला त्रास वाटला, तर लगेच थांबावे.

आणि एखाद्या मुलाने विचारले, 'सर, यात ऑक्सिजन जास्त मिळतो ना?', तर वरचे गणित त्यालाच फळ्यावर सोडवू द्या. उत्तर हाती आले की त्याचा पुढचा प्रश्न असेल, 'मग बरे का वाटते?' कुवलयानंद याच प्रश्नापाशी पोहोचले होते. तुमचा विद्यार्थीही तिथवर पोहोचला, तर त्या तासाचे चीज झाले.