फाइल व ड्राइव्ह लपवणे आणि त्यांचे संरक्षण

वैयक्तिक संगणकावरची खाजगी फाइल, फोल्डर किंवा अख्खा ड्राइव्ह दुसऱ्याच्या नजरेपासून वा हातापासून दूर ठेवण्याच्या पद्धती. नजर आणि हात या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि या विषयातला बहुतेक घोळ त्या एकच मानल्यामुळे होतो. लपवलेली फाइल सुरक्षित असतेच असे नाही. शोधणाऱ्याला संगणकाची जुजबी माहिती असली की लपवणूक संपते.

विंडोजमधला ‘हिडन’ हा गुणधर्म डॉसच्या काळापासूनचा आहे. संगणक सुरू करणाऱ्या फाइली डॉस त्यानेच झाकून ठेवत असे. चुकून कोणी त्या पुसू नयेत यासाठी तो उपयोगी; गोपनीयतेची हमी त्यात कधीच नव्हती. म्हणूनच फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत एक खूण केली की लपवलेल्या फाइली पुन्हा दिसू लागतात. ड्राइव्हचेही तसेच. रजिस्ट्रीतल्या ‘नोड्राइव्ह्ज’ या नोंदीत 8 हा आकडा भरला की डी ड्राइव्हचे चित्र नाहीसे होते (ए म्हणजे 1, बी 2, सी 4, पुढे दुप्पट). पण कमांड प्रॉम्प्टवर डी आणि कोलन टाइप केले की ड्राइव्ह जागच्या जागी हजर. ‘फोल्डर लॉकर’ म्हणून हातोहात फिरलेली बॅच फाइल तर याहून मजेशीर. ती फोल्डरला कंट्रोल पॅनेलचे सोंग देऊन लपवते आणि उघडताना पासवर्ड विचारते. तो पासवर्ड मात्र तिच्याच मजकुरात साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. नोटपॅडमध्ये उघडा आणि वाचा.

लॉगिन पासवर्डवर लोकांची भिस्त याहून जास्त असते, आणि ती जास्त फसवी आहे. हा पासवर्ड आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइलव्यवस्थेतल्या परवानग्या चालू असलेले विंडोज पाळते. डिस्कवरचा मजकूर असतो तसाच राहतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की परवानगी विचारणारे कोणी उरत नाही. चोरीला गेलेल्या किंवा दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपची गत हीच.

मजकूरच वाचता येणार नाही असा करणे, म्हणजे एन्क्रिप्शन, हा यावरचा खरा उपाय. विंडोज 2000 मध्ये ईएफएसने तो फाइलींपुरता आणला, व्हिस्टाबरोबर आलेल्या बिटलॉकरने ड्राइव्हपर्यंत नेला. मॅकवर फाइलव्हॉल्ट 2003 पासून आहे. आज यांत सर्रास वापरली जाणारी एईएस पद्धत अमेरिकेत 2001 मध्ये मानक ठरली. तिची रीत जगजाहीर आहे, गुप्त असते ती फक्त चावी. एन्क्रिप्शन किती टिकते याचे हे उदाहरण: ब्राझीलमध्ये 2008 साली पोलिसांनी, नवल म्हणजे ‘सत्याग्रह’ असे नाव दिलेल्या कारवाईत, बँकर डॅनियल डांटास यांच्या डिस्क जप्त केल्या. ट्रूक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने बंद केलेल्या त्या डिस्क आधी तिथल्या तज्ज्ञांनी आणि मग एफबीआयने महिनोन्‌महिने उघडण्याचा प्रयत्न केला. 2010 मध्ये त्या न उघडताच परत आल्या.

घरच्या घरी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप असतो. लहान मुलाचा हात चुकून लागू नये एवढाच हेतू असेल तर तो रास्त आहे. पण मुद्दाम शोधणाऱ्या घरच्या माणसाकडे तोच संगणक आणि भरपूर वेळ असतो. चावी हरवली तर मजकूर कायमचा जातो, हा आक्षेप अधिक वजनदार. बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की त्याच ड्राइव्हवर ठेवणे निरर्थक. ती छापून वेगळी ठेवावी आणि फाइलींची दुसरी प्रतही असावी. शिवाय ड्राइव्ह उघडलेला असताना संगणक सोडून उठणाऱ्याला एन्क्रिप्शन वाचवत नाही. हा आक्षेप मान्यच करावा लागतो.

लपवणुकीला खरी जागा मिळते ती एन्क्रिप्शनच्या जोडीनेच. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली मजकूर उलगडून देण्याचा आदेश निघू शकतो आणि तो न पाळल्यास 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशी सक्ती जिथे जाचक ठरते तिथे एन्क्रिप्ट केलेल्या विभागाच्या आत दुसरा विभाग आहे हे सिद्धच होऊ नये, या विचाराने ट्रूक्रिप्टने आणि तिच्यातून निघालेल्या व्हेराक्रिप्टने ‘हिडन व्हॉल्यूम’ची सोय दिली. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ट्रूक्रिप्टची 5.1ए ही आवृत्ती तपासली. लपलेला विभाग त्यांना चुगलीखोर विंडोजमुळे कळला: अलीकडे उघडलेल्या फाइलींचे शॉर्टकट आणि वर्डने आपोआप जपलेल्या प्रती उघड्या डिस्कवर पडून होत्या.